कोल्हापुरी चपला आणि फेअर ट्रेडची संघटना : सभासद व्हावं का?

वेणीवाली
नमस्कार मंडळी. आमच्या घरी कोल्हापूरच्या सुभाषनगरात पिढ्यान् पिढ्या चपलांचं काम चालतं. सासरे तळ कापतात, नवरा आणि दीर शिवण करतात, मी आणि सासूबाई वेण्या घालतो. आता शेजारची काही घरं मिळून आम्ही गट केला आहे. बी.कॉम. झाल्यामुळे त्याचा हिशेब आणि मेल माझ्याकडे असतात.

परवा नेदरलँड्समधल्या एका दुकानाचा मेल आला. त्यांना हिरडा-बाभळीत कमावलेल्या कातड्याच्या कापशी आणि कुरुंदवाडी चपला हव्या आहेत. पण आधी त्यांनी विचारलंय की तुम्ही वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशनचे किंवा तसल्या दुसऱ्या कुठल्या संघटनेचे सभासद आहात का. (फेअर ट्रेड म्हणजे बनवणाऱ्याला रास्त दाम देऊन केलेला व्यापार.) नसाल तर तुमच्याकडे मजुरी कशी ठरते, शाळेच्या वयाची मुलं कामाला बसतात का, बायकांच्या कामाचे पैसे त्यांच्या हातात जातात का, आणि हे सगळं तपासतं कोण? शेवटी एक वाक्य होतं, की ऑर्डरसोबत निम्मे पैसे बिनव्याजी आगाऊ देऊ.

त्या वाक्यावर घरात रात्रभर चर्चा चालली. कारण आमचं सगळं दुखणं तिथंच आहे. कातडं उधारीवर येतं. ज्याचं कातडं, त्यालाच चपला द्यायच्या आणि दर त्यानेच सांगायचा. पावसाळ्यात कातडं वाळत नाही, काम थांबतं, घर उधारीवर चालतं. गणपतीनंतर पुन्हा आरी हातात घेतो तेव्हा मागची बाकी असतेच. २०१९ मध्ये चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं त्याचा आम्हाला अभिमान आहे, पण उद्या सकाळी कातडं रोख आणायला पैसे कुठून आणायचे, याचं उत्तर त्यात नाही.

मला वाटतं की आपण या वाटेने जावं. पण खर्च किती, आमच्यासारख्या लहान गटाला तिथं जागा आहे का, आणि कुणी प्रत्यक्ष असं काम केलंय का? अनुभव असेल तर सविस्तर लिहा.

नऊनंबरी
ताई, नेदरलँड्सला जायच्या आधी एक जोड नऊ नंबरची कापशी कसबा बावड्याला पाठवा की. निम्मे पैसे आगाऊ, बिनव्याजी! :)

हायडेलबर्गची_माहेरवाशीण
वेणीवाली ताई, माहेर राजारामपुरी, आता जर्मनीत. इथल्या एका वेल्टलाडेनमध्ये, म्हणजे फेअर ट्रेडचा माल विकणाऱ्या दुकानात, मी शनिवारी काउंटर सांभाळते, पगार नाही, आम्ही सगळेच स्वयंसेवक. अशी शेकडो दुकानं युरोपात आहेत. पहिलं १९६९ साली नेदरलँड्समध्येच उघडलं, म्हणजे तुम्हाला मेल पाठवणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. थोडं लांबेल, पण नीट सांगते, कारण दोन वेगळ्या व्यवस्थांची नेहमी गल्लत होते.

एक म्हणजे फेअरट्रेड इंटरनॅशनल. १९९७ मध्ये स्थापन झाली, मुख्यालय बॉनला. तिची मुळं १९८८ च्या डच 'माक्स हावेलार' चिन्हात आहेत. मेक्सिकोच्या ओआहाका भागातल्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था आणि डच कार्यकर्ते यांनी मिळून ते कॉफीसाठी सुरू केलं होतं. इथं चिन्ह मालाला मिळतं : कॉफी, चहा, केळी, कापूस, साखर. बऱ्याच पिकांना किमान दर असतो आणि त्यावर प्रीमियम, म्हणजे संस्थेला मिळणारी जादा रक्कम. अरेबिका कॉफीचा किमान दर बरीच वर्षं पौंडाला १.४० डॉलर होता, ऑगस्ट २०२३ पासून १.८० झाला, शिवाय २० सेंट प्रीमियम. बाजार पडला तरी किमान दर मिळतो, बाजार चढला तर चढा दर मिळतो. प्रीमियमचं काय करायचं, विहीर की शाळेची खोली, हे शेतकऱ्यांच्याच संस्थेत बसून ठरतं. हस्तकला मात्र या साच्यात बसत नाही. प्रत्येक चपलेचं काम वेगळं, मग एक किमान दर कुणी ठरवायचा? (फुटबॉलसारखे अपवाद आहेत, जालंधर आणि सियालकोटला शिवलेले.)

दुसरी तुमच्या कामाची, वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशन. १९८९ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झाली, २००९ पासून हे नाव. ही मालापेक्षा संस्थेला तपासते : व्यवहार उघडा आहे का, मजुरी बोलून ठरते का, मुलांना कामाला जुंपलंय का, बाईला आणि पुरुषाला एकाच कामाचा एकच दाम आहे का, पर्यावरणाचं काय. अशी एकूण १० तत्त्वं आहेत. आधी तुम्ही स्वतःचा अहवाल लिहायचा, मग दुसऱ्या सभासद संस्थेचे लोक येऊन बघतात आणि तपासनीसही येतो. आणि हे नीट वाचा : हस्तकलेच्या ऑर्डरवर कारागिराने मागितल्यास किमान निम्मी रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यायची, हे सभासद खरेदीदारावर तिथल्या नियमानेच बंधन आहे. त्या दुकानाने तुमच्यावर उपकार केलेले नाहीत. तो तुमचा हक्क धरून बोला.

या संघटनेचं सुरुवातीचं बोधचिन्ह २००४ मध्ये मुंबईत, वर्ल्ड सोशल फोरमच्या वेळी जाहीर झालं होतं. म्हणजे हे सगळं परक्यांचं आहे असं समजू नका. भारतात फेअर ट्रेड फोरम इंडिया २००० पासून आहे. मुंबईत आशा हँडिक्राफ्ट्स १९७५ पासून काम करते, क्रिएटिव्ह हँडिक्राफ्ट्स आहे, कोलकात्यात साशा आहे. कारागिरांचा माल बाहेर पोचवण्यात यांची हयात गेली आहे.

कागलचे_आप्पा
पोरी, तुझं कौतुक हाय. पण मी सरळ इचारतो. तिकडच्या मानसाला लेबल बघून बरं वाटतं, दोन युरो जास्त देतो. त्यातलं सुभाषनगरात किती येतंय? त्या इटलीच्या प्राडा कंपनीनं काय केलं बघितलंसा न्हवं? आमची चप्पल उचलली, नाव बी घेतलं न्हाई.

रंकाळाकाठ
आप्पा, राग रास्त आहे, पण गोष्ट पुढे गेली आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये त्यांनी अंगठ्याची चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचा उल्लेख केला नाही, हे खरं. महाराष्ट्र चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेने पत्र लिहिल्यावर कंपनीने प्रेरणा इथली असल्याचं मान्य केलं, जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली. मुंबई उच्च न्यायालयातली याबद्दलची जनहित याचिका फेटाळली गेली. डिसेंबरमध्ये आपलं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचं तसलंच महामंडळ लिडकर यांच्याबरोबर करार झाला. सुमारे २,००० जोड दोन्ही राज्यांत बनवून ८०० युरोच्या आसपास विकायचे, असं तेव्हा जाहीर झालं.

आता ८०० युरोतून वेणी घालणाऱ्या हाताला किती, हा तुमचा प्रश्न मात्र तसाच उभा राहतो. मानांकनाचा कायदा नावाचं रक्षण करतो. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांबाहेर बनलेल्या चपलेला ते नाव लावता येत नाही. पण दर किती आणि कुणाला, यात तो कायदा पडत नाही.

कागलचे_आप्पा
व्हय, मग ह्येच म्हनतोय मी. नाव आमचं, दर त्येंचा.

अथणीकर
आठ जिल्ह्यांतले चार आमच्या कर्नाटकच्या बाजूचे आहेत, हे कोल्हापूरकरांनी लक्षात ठेवलं याचा आनंद झाला. :)

वेणीवाली ताई, आमच्या अथणीला नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस कारागीर बायकांचे बचतगट एकत्र आले आणि टोहोल्ड नावाने स्वतःचा माल बाजारात आणला. मोठा बदल कसला होता सांगू? ज्या बायका घरात बसून वेण्या घालायच्या, त्यांचं नाव गटाच्या वहीत आलं. बँकेत खातं आलं. मापं एकसारखी करण्यावर मेहनत घेतली, नवे नमुने काढले, परदेशी ऑर्डरी आल्या. आमच्या घरात आई त्या काळाबद्दल आजही भरभरून बोलते. पण परदेशी ऑर्डर वर्षभर पुरत नाही. गावातलं गिऱ्हाईक सोडू नका, एवढंच हात जोडून सांगतो.

शाहूपुरीचा_निर्यातदार
चामड्याच्या वस्तू बाहेर पाठवतो, म्हणून कामाच्या गोष्टी लिहितो.

पहिली तपासणीची. युरोपात १ मे २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूत क्रोमियम-६ (क्रोमने कमावलेल्या कातड्यात सापडू शकणारं घातक रसायन) किलोला ३ मिलिग्रॅमच्या खालीच लागतं. हिरडा-बाभळीच्या कमावणीत क्रोम वापरतच नाहीत, त्यामुळे आपली जुनी पद्धत इथं सगळ्यात जोरात आहे. पण बैलाच्या कत्तलीवर २०१५ मध्ये लागू झालेल्या कायद्याने बंदी आल्यापासून कातडं मिळणं अवघड झालंय आणि बरंच बाहेरून येतं. तळ देशी कमावणीचा आणि पट्टा किंवा वेणी क्रोमच्या कातड्याची, असं सर्रास होतं. एक पट्टा नापास झाला की अख्खी पेटी परत. कातडं घेताना प्रत्येक प्रकाराचा तुकडा जपून ठेवा आणि प्रयोगशाळेचा दाखला घ्या. रंगातही काही अझो रंग (एक प्रकारचे कृत्रिम रंग) तिकडे बंद आहेत, तेही विचारा.

दुसरी बुरशी. ओल राहिलेली चपल जहाजात पांढरी होते. मी नवीन असताना एका खरेदीदाराने अशी पेटी नाकारली आणि तोटा खालपर्यंत झिरपून शेवटी कारागिरांच्या अंगावर पडला. माझा आग्रह आहे की नापास मालाचा तोटा कुणी सोसायचा हे ऑर्डर घेतानाच कागदावर लिहून घ्या. निम्मे आगाऊ मिळाले आणि उरलेले निम्मे कापून घेतले, तर त्या आगाऊचा उपयोग काय?

तिसरी हंगामाची, आणि ही तुमच्या बाजूने आहे. तिकडे सँडल एप्रिलपासून विकल्या जातात. म्हणजे माल हिवाळ्यात तयार व्हायला हवा. दिवाळीनंतर इथं हवा कोरडी, कातडं छान वाळतं. ऑर्डर आणि आगाऊ रक्कम सप्टेंबरच्या अखेरीस हातात पडेल असं मागा, म्हणजे पावसाळ्यातली उधारी वाढायच्या आत कातडं रोखीने घेता येईल.

शिरोळचा_ऊसकरी
किमान दराचं वाचून राहवलं नाही. आमच्या उसाला तर कायद्यानेच किमान दर आहे. एफआरपी. २०२५-२६ ला १०.२५ टक्के साखर उताऱ्यावर क्विंटलला ३५५ रुपये, आणि ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे, नाहीतर व्याज. एवढं कायद्यात लिहिलेलं असून जयसिंगपूरला दरवर्षी ऊस परिषद का घ्यावी लागते? दर कागदावर येणं आणि खात्यावर येणं यात फार अंतर असतं, आणि ते अंतर संघटना असेल तरच तुटतं. म्हणून ताई, चिन्ह मिळो न मिळो, गट फुटू देऊ नका.

आणि माहेरवाशीण ताई, तुमच्या त्या व्यवस्थेत साखरेला किमान दर आहे का?

हायडेलबर्गची_माहेरवाशीण
नाही, साखरेला किमान दर नाही. फक्त प्रीमियम आहे, टनाला ६० डॉलर. शिवाय २०१७ मध्ये युरोपने बीट साखरेवरचा कोटा उठवला, इथं बीटची साखर स्वस्त झाली आणि उसाच्या फेअरट्रेड साखरेच्या खपाला मोठा फटका बसला. तुमचा मुद्दा बरोबर आहे. सरकारचं धोरण एका फटक्यात जे बदलतं, ते दुकानातल्या चिन्हाला पेलत नाही.

गुऱ्हाळघर
साखरेवर बोलताय आणि गुळाचं नाव नाही? कोल्हापुरी गुळाला २०१४ लाच मानांकन मिळालंय. शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली ती गुळाच्या सौद्यांसाठी नावाजली. आज परिस्थिती अशी की काहिलीत (रस आटवायच्या मोठ्या कढईत) साखर ओतून गुळाचा पिवळाधमक रवा, म्हणजे ढेप, काढणारा आणि निव्वळ रसाचा काळसर रवा काढणारा, सौद्यात एकाच रांगेत उभे. पिवळ्याला बोली जास्त! भेंडीचं पाणी घालून मळी काढणाऱ्या गुळव्याची कला कुणी विचारत नाही. असं एखादं चिन्ह गुळाला मिळालं तर मी पहिला अर्ज करेन.

नऊनंबरी
काळ्या गुळाचा चहा फाटत नाही, हे सिद्ध करून दाखवणाऱ्याला माझ्याकडून फडतरेंची मिसळ.

गुऱ्हाळघर
चहा उतरवून मग गूळ घाला, फाटत नाही. मिसळ कधी?

गोदाकाठची
मी बीड जिल्ह्यातली. आई-वडील बरीच वर्षं कोल्हापूर, सांगलीकडे ऊसतोडीला यायचे. आता मी पुण्यात नोकरी करते. हा धागा वाचताना एका शब्दाशी सारखी अडखळतेय, आगाऊ.

आमच्याकडे मुकादम दसऱ्याच्या आधी उचल द्यायचा. तीही 'आगाऊ'च. ती फेडायला नवरा-बायको मिळून एक कोयता धरायचा, पहाटेपासून फडात, पोरं पाचटावर. हंगाम संपला की हिशेबात बाकी निघायचीच, आणि ती पुढच्या वर्षाला बांधून ठेवायची. आईला ताप असला तरी खाडा लागायचा. शिरोळच्या दादांचा एफआरपीचा लढा मला मान्य आहे, पण त्या साखरेच्या हिशेबात आमची आई कुठे होती?

म्हणून ताई, निम्मे पैसे आधी मिळतायत म्हणून हुरळून जाऊ नका असं कळकळीने सांगते. आधी दिलेला पैसा माणसाला मोकळं करतो किंवा बांधतो. तुमचा तो कातड्याचा व्यापारीही आगाऊच देतोय, पैशाऐवजी कातडं.

शिरोळचा_ऊसकरी
गोदाकाठची ताई, तुमचं वाचून गप्प बसलो होतो. आमच्या मागण्यांच्या यादीत तोडणी मजुरांचा दर आला तो फार उशिरा, आणि बहुतेक वेळा 'तोडणी खर्च वाढला' अशा तक्रारीच्या रूपात. हे बदललं पाहिजे असं मी आमच्या गावच्या बैठकीत बोलणार आहे.

हायडेलबर्गची_माहेरवाशीण
गोदाकाठची, धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात. मला फरक दिसतो तो असा. उचल माणसावर दिली जाते, ही रक्कम ऑर्डरवर दिली जाते. दर आधी ठरतो आणि मग पैसे येतात, उचलीत उलटं होतं. व्याज नाही. माल पोचला की ती रक्कम बिलात वळती होते, पुढच्या वर्षाला काही उरत नाही. आणि त्याच काळात दुसऱ्या कुणाला चपला विकायची पूर्ण मोकळीक असते. यातली एक जरी अट सुटली, तरी ती उचलच होईल.

संस्थेचा_सचिव
करवीर तालुक्यात गावच्या दूध संस्थेत सचिव होतो, आता निवृत्त. तुम्ही सांगताय त्यातलं बरंच आपल्या जिल्ह्याने स्वतःच्या बळावर केलेलं आहे. गोकुळ दूध संघ १९६३ चा. त्याआधी गवळी ठरवेल तो भाव. संस्था आल्यावर बाईने चरवी आणली, समोर माप झालं, फॅट लागली, पावती हातात पडली, दर दहा दिवसांनी बिल. पशुखाद्य उधार मिळतं आणि बिलातून कापलं जातं, पण ते किती कापलं हे पावतीवर छापलेलं असतं. फरक पडला तो त्या उघड्या मापाने. तिकडच्या तत्त्वांत 'पारदर्शकता' म्हणतात ती हीच.

म्हणून माझा सल्ला, आधी सहकारी संस्था नोंदवा. परदेशी सभासदत्व नंतर.

रंकाळाकाठ
सचिवसाहेब, सहकाराबद्दल आदर आहेच. पण त्याच जिल्ह्यात संस्थांच्या निवडणुकीला माणसं सहलीला नेऊन ठेवतात, हेही आपण बघतो. बाहेरचा कुणी येऊन दरवेळी वही तपासणार असेल, तर त्याचा धाक बरा असतो.

संस्थेचा_सचिव
मान्य. म्हणून तर म्हणतो, दोन्ही करा. घरचा लेखापरीक्षक आणि बाहेरचाही.

सागरमाळावरून
शिवाजी विद्यापीठात अर्थशास्त्र शिकते. गोदाकाठची यांच्या मुद्द्याला एका अभ्यासाची जोड देते. लंडनच्या सोआस विद्यापीठातल्या संशोधकांनी इथिओपिया आणि युगांडात बरीच वर्षं पाहणी करून २०१४ मध्ये अहवाल दिला. फेअरट्रेड संस्था असलेल्या भागांत मजुरीवर राबणाऱ्यांची स्थिती शेजारच्या भागांपेक्षा चांगली नव्हती, काही ठिकाणी मजुरी कमीच होती. कारण प्रमाणपत्र मिळालं ते शेतकऱ्यांच्या संस्थेला, आणि त्या शेतकऱ्यांकडे रोजाने जाणाऱ्याकडे कुणी फारसं बघितलंच नाही. त्या निष्कर्षांवर वाद झाले, पण प्रश्न टाळता येत नाही.

इथं लावून बघा. गट घरांचा आहे. घराच्या नावाने पैसे आले आणि घरातला पुरुष खातेदार असला, तर वेणी घालणारी बाई कुठे दिसेल? शेजारून वेण्या घालायला येणाऱ्या बायका असतील, तर त्या गटाच्या सभासद आहेत का?

वेणीवाली
सगळ्यांचे आभार. सागरमाळावरून, नाहीत. शेजारच्या दोघीजणी आमच्याकडे वेण्या घालून देतात, जोडावर पैसे मिळतात, पण गटाच्या वहीत त्यांची नावं नाहीत. माझंही नाव नाही खरं तर. हिशेब मी लिहिते आणि सभासद म्हणून नवऱ्याचं नाव आहे. यावर आज घरी बोलले. सासरे म्हणाले, "लिवा की मग. वेणीबिगर कोल्हापुरी हुतीया व्हय?"

कागलचे_आप्पा
सासरा मोठ्या मनाचा हाय. पन अजून माझं समाधान न्हाई. ते दुकान उद्या बंद पडलं तर?

हायडेलबर्गची_माहेरवाशीण
पडू शकतं, आप्पा. १९७९ पासून चाललेली ब्रिटनमधली ट्रेडक्राफ्ट ही या क्षेत्रातली फार मोठी कंपनी. जानेवारी २०२३ मध्ये ती दिवाळखोरीत गेली, आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या कितीतरी देशांतल्या गटांना हादरा बसला. इथल्या आमच्या दुकानातही गिऱ्हाईक म्हातारं होत चाललंय, तरुण मुलं ऑनलाइन घेतात. म्हणून मी कधीच म्हणणार नाही की सगळा माल या एकाच वाटेवर टाका. अथणीकर दादांनी वर तेच सांगितलंय. एक दुकान म्हणजे एक हंगाम समजा. जाळ्यात असण्याचा फायदा हा की एक दुकान गेलं तरी बाकीच्यांना तुमची ओळख असते, तुमचा तपासलेला अहवाल असतो, नवीन खरेदीदाराला पहिल्यापासून सगळं सांगावं लागत नाही.

शाहूपुरीचा_निर्यातदार
मूळ प्रश्नाकडे येऊ या का? ताईंनी विचारलं होतं, सभासद व्हावं का.

माझं मत : लगेच अर्ज करू नका. सभासदत्वाची फी उलाढालीच्या प्रमाणात असते हे खरं, पण तपासनिसाचा खर्च, कागदपत्रं, इंग्रजीत अहवाल, हे लहान गटाला जड जातं. आधीच सभासद असलेल्या एखाद्या संस्थेमार्फत, मुंबईची असो की दुसरी, पहिली लहान ऑर्डर करा. निर्यातीचा परवाना, बँकेचे कागद, पेटी भरणं हे सगळं त्यांच्याकडे तयार असतं. तुम्ही कारागीर गट म्हणून त्यांच्या यादीत याल, तुमची पाहणी होईल आणि काय कमी आहे ते कळेल. दोन-तीन हंगामांनी स्वतःचा अर्ज.

त्या नेदरलँड्सच्या दुकानालाही हे कळवा. खरं सांगितलं की ही मंडळी थांबतात, असा माझा अनुभव आहे.

संस्थेचा_सचिव
आणि त्या मधल्या संस्थेचा वाटा किती, तोही उघडा विचारा. पावतीवर छापून घ्या.

वेणीवाली
रविवारी गटाची बैठक झाली. पहिल्यांदाच बायका वेगळ्या कोपऱ्यात न बसता गोलात बसल्या. ठरलं ते सांगते.

गटाच्या वहीत घराऐवजी माणसाचं नाव जाईल. तळ कापणारा, शिवणारा, वेणी घालणारी, तेल लावून पॉलिश करणारी. शेजारच्या दोघींचीही नावं चढली. प्रत्येक जोडाचा हिशेब एका कागदावर मांडायचा : कातडं, वादी, रंग, तेल, मजुरी कुणाची किती, गटाचा वाटा. हाच कागद आम्ही खरेदीदाराला दाखवणार, आणि त्यांनीही तिकडे काय दराने विकणार ते आम्हाला सांगावं असं लिहिणार. माहेरवाशीण ताईंनी आगाऊ रकमेबद्दल सांगितलेल्या सगळ्या अटी मराठीत लिहून भिंतीवर लावल्यात. त्यातली एक जरी मान्य नसली तर आगाऊ रक्कम घ्यायची नाही, यावर सगळ्यांनी हात वर केले.

मुंबईच्या एका संस्थेला मेल केला आहे. नेदरलँड्सला खरी परिस्थिती कळवली. अजून उत्तर नाही.

एका गोष्टीवर मात्र एकमत झालं नाही. वेणीची मजुरी जोडावर ठेवायची की तासावर? पुरुष म्हणतात जोडावर, कारण तळाचंही तसंच आहे. मला वाटतं तासावर धरून मग जोडाचा दर काढावा. वेणीला लागणारा वेळ आजवर कुणी मोजलेलाच नाही, ते काम स्वयंपाक आणि पोरांच्या मधे मधे होतं.

गोदाकाठची
तासावरच धरा. आणि आधी नुसतं मोजा, दर नंतर. साधी वही, काम सुरू केल्याची वेळ आणि उठल्याची वेळ. मधे चुलीपाशी गेलात तर तेही लिहा.

सागरमाळावरून
हे मोजायला मी आणि माझ्या दोन मैत्रिणी यायला तयार आहोत, परीक्षा संपल्यावर लगेच. कापशी, कुरुंदवाडी, बक्कलनाळी, प्रत्येक प्रकारच्या वेणीचा वेळ वेगळा काढावा लागेल.

वेणीवाली
या नक्की. सासूबाई विचारतायत, तिघींचं जेवण धरू ना? आणि बारीक वेणीचं काम बघायचं असेल तर सकाळी लवकर या, दुपारी आमच्या गल्लीत उजेड कमी असतो.

शाहूपुरीचा_निर्यातदार
मीही येतो. सध्या वापरताय त्या प्रत्येक कातड्याचा तळहाताएवढा तुकडा वेगवेगळ्या पिशवीत ठेवा, कुठून आणलं ते लिहून. तपासणीला मी पाठवतो.